स्ट्रॉबेरी भरलेल्या कुकीज: सारण बाहेर येतंय, काय करू?

रानजाई, सातारा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सांगलीला माझ्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण आहे. ओटीत फळं असतातच, पण तिचा हट्ट आहे, "ताई, फळं भरलेलं काहीतरी गोड तुझ्या हातचं आण, विकतचं नको." भाऊ महाबळेश्वरजवळ भिलारला असतो. हंगाम सरत आला की बारकी, एका अंगाला दबलेली स्ट्रॉबेरी बाजारात कोणी घेत नाही, ती तो माझ्याकडे धाडतो. यंदा दोन क्रेट आलेत. घरात पाऊल टाकलं की नुसता वास. म्हटलं, याच्याच कुकीज करू.

शनिवारी पहिला घाणा केला. १ किलो स्ट्रॉबेरी, ४०० ग्रॅम साखर, वीस मिनिटं आटवून जॅम केला. मैदा, बटर, पिठीसाखर मळून घेतली. पारी करून मध्ये चमचाभर जॅम घातला आणि कचोरीसारखं तोंड बंद केलं. ओव्हन १८० अंशांवर. मी काचेसमोर स्टूल टाकून बसले होते. आठव्या मिनिटाला एका कुकीच्या बगलेतून लाल थेंब आला, फुगला, फुटला, ट्रेवर पसरला आणि बघता बघता काळा पडला. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. वीसातल्या सोळा फुटल्या.

दुसऱ्या घाण्यात सारण निम्मं केलं. फुटल्या कमी, पण खाताना आत नुसती पोकळी आणि भिंतीला लागलेला लाल रंग. बहिणीपुढे हे ठेवायला मन होत नाही. हातात पाच दिवस आहेत. कोणी केल्या असतील तर सविस्तर सांगा.

अजिंक्यतारा | सोमवार, रात्री ९:५८

आधी ट्रेचं सांगा. निघाला का तो काळा थर? आमच्या घरी असाच एक ट्रे गेला.

रानजाई, सातारा | सोमवार, रात्री १०:०३

निघाला. कडकडीत पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर ठेवला. सकाळी कालथ्याने हलकेच उचलला तर पापडासारखा सुटून आला. घासू नका, भिजू द्या.

कृष्णाकाठ, सांगली | सोमवार, रात्री १०:३१

रानजाईताई, आमच्या सांगलीत डोहाळजेवण आहे म्हटल्यावर उत्तर द्यायलाच हवं.

१ किलोला ४०० ग्रॅम साखर आणि वीस मिनिटं, हा पोळीशी खायचा जॅम झाला. ओव्हनमध्ये तो टिकणार नाही. स्ट्रॉबेरीत १०० भागांतले ९० भाग पाणी असतं, म्हणजे किलोभर फळात पाणी सोडून उरतं जेमतेम १०० ग्रॅम. तुमच्या सारणात अजून भरपूर पाणी आहे. ओव्हन १८० ला आणि पाणी उकळतं १०० ला. बंद कुकीच्या पोटात वाफ झाली की ती सगळ्यांत कच्चा जोड शोधते आणि जॅमला ढकलत बाहेर पडते. नंतर आत पोकळी राहते तीही त्या वाफेचीच.

दुसरं म्हणजे, जॅमला घट्टपणा देणारं पेक्टिन स्ट्रॉबेरीत कमी असतं, त्यामुळे ती नुसती आटवली तरी घट्ट धरत नाही, पाकासारखी वाहते. पेरूत पेक्टिन भरपूर. किलोभर स्ट्रॉबेरीला एक मोठा, थोडा कच्चट पेरू बिया काढून, किसून घाला आणि दोन लिंबांचा रस. रंग लालच राहतो आणि चव स्ट्रॉबेरीचीच येते, मी करून पाहिलंय. तुमच्याकडे महाबळेश्वरची गुजबेरी मिळाली तर पेरूही नको, तिची आंबट चव फार छान मिसळते.

बेदाणाशेड, तासगाव तालुका | सोमवार, रात्री ११:१५

ताई, एवढा उपद्व्याप कशाला? बेदाणा घाला की. आमच्यात आत्ता शेडवर माल हाय. चार किलो द्राक्ष वाळवावं तवा एक किलो बेदाणा हातात येतो. म्हंजे तीन किलो पाणी आमी आधीच उन्हावाऱ्याला दिलंय, तुमी परत गॅस जाळून कशाला काढताय? बेदाण्याचं सारण कधी फुटायचं न्हाई.

चौकसबुद्धी | मंगळवार, सकाळी ७:२०

मला प्रामाणिकपणे विचारायचंय. पारी, सारण, बंद तोंड. ही करंजीच झाली की. डोहाळजेवणाला करंजी कराव्यात, त्यात फळांचं सारण भरावं. मैदा-बटरच्या कुकीचा अट्टहास का? तळणात करंजी दोन-तीन मिनिटांत होते, सारणाला उकळायला वेळच मिळत नाही.

रानजाई, सातारा | मंगळवार, सकाळी ८:०५

तुमचं पटतंय, पण बहिणीला सातवा महिना आहे आणि तळलेलं तिला अजिबात सोसत नाही, वासानेच मळमळतं. भाजलेलं चालतं. म्हणून कुकी.

@बेदाणाशेड, बेदाण्याच्याही करीनच, पण भावाने धाडलेली स्ट्रॉबेरी वाया घालवायची नाहीये.

वाईचीसून | मंगळवार, दुपारी १:१०

दुपारची भांडी आवरून लिहायला बसलेय, थोडं लांबेल.

मी कुकीज आयुष्यात दोनदा केल्या असतील, त्यामुळे ओव्हनचं मला विचारू नका. पण रानजाई, तू लिहिलेलं वाचताना मला माझी पहिली संक्रांत आठवली. नवीन लग्न होऊन वाईला आले आणि सासूबाईंनी गुळपोळी लाटायला दिली. माझी प्रत्येक पोळी तव्यावर फुटायची. गूळ कडेने बाहेर, तव्यावर काळा, घरभर धूर. अगदी तुझ्या ट्रेसारखं. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या एका हातात गुळाची गोळी दिली, दुसऱ्या हातात कणकेची, आणि म्हणाल्या, "दोन्ही एकदम दाब. कुठली आधी बसते?" गुळाची आधी बसली. "मग तव्यावरही तीच आधी पळणार."

गुळपोळीच्या गुळात आपण तीळकूट, भाजलेली खसखस आणि तुपावर खमंग भाजलेलं बेसन घालतो. चव हे त्याचं एक कारण. खरं कारण असं की गूळ तापला की पातळ होतो, आणि बेसन त्याला धरून ठेवतं. सारण आणि पारी सारख्याच मऊपणाची हवीत, हा पुरणपोळीचाही नियम आणि गुळपोळीचाही. तुझ्या कुकीलाही तोच लागू पडेल असं मला मनापासून वाटतं. जॅम चमच्याने घालावा लागतोय म्हणजे तो पातळ आहे. सारणाची हाताने गोळी वळता आली पाहिजे.

माझं ऐकशील तर आटवलेल्या स्ट्रॉबेरीत भाजून भरड केलेली खसखस आणि थोडा खमंग भाजलेला बारीक रवा घाल. बेसन नको, त्याचा वास स्ट्रॉबेरीवर चढेल.

कृष्णाकाठ, सांगली | मंगळवार, दुपारी १:४४

वाईच्या काकू, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघ, हे पुस्तकात नसतं."

लादीपाव, कराड | मंगळवार, रात्री ११:५०

बेकरीत बावीस वर्षं भट्टीवर आहे. दुकान बंद करून आलोय, म्हणून उशीर. वरच्यांनी सांगितलेलं बहुतेक बरोबर आहे, काही गोष्टी जोडतो.

कृष्णाकाठ यांनी पाणी १०० अंशांना उकळतं असं लिहिलंय. ते समुद्रकाठी. महाबळेश्वर साधारण १३७० मीटर उंचीवर आहे, तिथं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. साताऱ्यातही दोनेक अंशांचा फरक पडतो. म्हणून पुस्तकात "जॅम १०५ अंशांवर उतरवा" असं वाचून थर्मामीटर लावून बसाल तर फसाल. आमच्याकडे वजनावर चालतं. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. १ किलो स्ट्रॉबेरी, ६०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम पेरूचा कीस. सगळं मिळून १८०० ग्रॅम. ते ९०० वर, म्हणजे बरोब्बर निम्म्यावर, आलं की उतरवा. शेवटची दहा मिनिटं हलवत राहा, त्या वेळी बुडाला धरतं. लिंबू शेवटी.

आता परीक्षा. सगळा घाणा भरण्याआधी थंड झालेल्या सारणाची सुपारीएवढी गोळी कोऱ्या ट्रेवर ठेवा आणि १७० अंशांवर दहा मिनिटं ओव्हनमध्ये घाला. गोळी जागेवर राहिली, कडेने फार तर ओलसर चमकली, तर सारण तयार. पसरून चांदणी झाली तर परत गॅसवर. दहा मिनिटं जातील, पण वीस कुकीज वाचतील.

पिठाचं. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं. पाण्याने मैद्याला चिवटपणा येतो. बंद कुकीला थोडा चिवटपणा हवा, नाहीतर पारी भाजताना तडकते. म्हणून नानकटाई तुपाची आणि भरलेली कुकी बटरची, असं माझं मत. माप: मैदा २५० ग्रॅम, तांदळाची बारीक पिठी २५ ग्रॅम, थंड बटर १५० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, चिमूट मीठ, लागलं तर एक-दोन चमचे थंड दूध. साजूक तूपच वापरायचं असेल तर १२० ग्रॅम घ्या आणि दूध थोडं वाढवा. बेकिंग पावडर अजिबात नको. पारी फुगली की जोड उघडतो.

मळू नका, नुसतं गोळा करा. अर्धा तास फ्रीजमध्ये. भरून झालं की ट्रेसकट परत वीस मिनिटं फ्रीजमध्ये. गरम ओव्हनमध्ये गार कुकी गेली पाहिजे, मग तूप वितळायच्या आत कड धरते. जोड खाली ठेवा आणि वरून टूथपिकने दोन भोकं पाडा. वाफेला तुम्ही वाट दिली नाही तर ती स्वतःची वाट काढते.

१७० अंश, चौदा-पंधरा मिनिटं. घरच्या ओव्हनच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. मी लोकांच्या घरी जाऊन पाहिलंय, २०-३० अंशांचा फरक सर्रास असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या.

अजिंक्यतारा | बुधवार, सकाळी ६:५५

लादीपावदादा, हा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतलाय.

भट्टीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायची आणि नानकटाई भाजून आणायची. आम्ही पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन मागे. बेकरीवाले ट्रे द्यायचे, भाजणावळ किलोवर. आख्ख्या आळीतल्या बायका तिथं लाकडी फळीवर बसून गोळे वळायच्या. कोणाचा ट्रे कुठला हे कळावं म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. कोणी मधोमध चारोळी लावायची, कोणी काट्याने रेघा ओढायची. आई बोटाने खळगा करून त्यात टुटीफ्रुटीचे तीन तुकडे ठेवायची. दोन लाल, एक हिरवा. आमच्या घरची फळाची कुकी ती.

तंतुवाद्य, मिरज | बुधवार, सकाळी ९:१२

खुणेचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही तसंच होतं. एकदा गर्दीत आमचा डबा बदलला आणि दुसऱ्या कोणाची तरी नानकटाई घरी आली. वनस्पती तुपाऐवजी साजूक तुपातली! माझी आजी संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होती, "त्या बाईच्या पोरांच्या तोंडी आपलं हलकं तूप गेलं" म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने भट्टीवर जाऊन त्या घरचा पत्ता काढला आणि वाटीभर साजूक तूप पोचवून आली.

मिरजेत नाताळाच्या आधीही भट्टीवर अशीच गर्दी असायची. मिशनच्या आवारातल्या घरांतून डबे यायचे. त्यांच्या कुकीजमध्ये बेदाणे आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल असायची. शाळेतली मैत्रीण २६ डिसेंबरला डब्यात आणायची, तो वास अजून नाकात आहे.

आता मूळ विषयाकडे. माझी शेजारीण बरीच वर्षं शारजात होती. ती ईदला मामूल करते. अरबांची ही खजूर भरलेली कुकी. रव्याची पारी, तूप, गुलाबपाणी, आत बियांविना खजुराचा गोळा. लाकडी साच्यात दाबून ठोकायची, वर नक्षी उमटते. आपल्या मोदकाच्या साच्याची आठवण येते. ती कधीच फुटत नाही, कारण वाईच्या काकू म्हणाल्या तसं खजुराची गोळी हाताने वळता येते. रवा आणि तूप ती आदल्या रात्री चोळून झाकून ठेवते, म्हणजे रवा तूप पितो.

चौकसबुद्धी | बुधवार, सकाळी १०:४०

माझी हरकत मी मागे घेतो. मामूलचं वाचल्यावर लक्षात आलं की बंद तोंडाचं गोड सगळ्या जगात आहे, त्यावर आपला एकट्याचा हक्क नाही.

तरी एक शंका उरतेच. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात ना? गर्भार बाईला चालेल का?

बेदाणाशेड, तासगाव तालुका | बुधवार, दुपारी ३:२५

देत्यात, खोटं बोलनार न्हाई. पिवळाधमक रंग टिकावा म्हनून देत्यात, गिऱ्हाईक रंग बघूनच घेतं. ज्यांना नको त्यांनी बिगर धुरीचा तपकिरी बेदाना मागावा. दिसायला काळपट, पन खायला मला त्योच आवडतो. घरात आमी त्योच ठेवतो. ताई, बहिनीसाठी त्योच घ्या आनि डॉक्टरला एकदा इचारा, म्हंजे मनात शंका ऱ्हात न्हाई.

बेदाना कसा हुतो ते बी सांगतो. फेब्रुवारी ते एप्रिल आमचा सीझन. थॉमसन, न्हाईतर तास-ए-गणेश, सोनाका, मानिक चमन असला बियाबिगरचा माल. पोटॅशियम कार्बोनेट आनि डिपिंग ऑईलच्या पान्यात घड बुडवायचं. त्यानं द्राक्षावरचं मेनाचं पापुद्रं फाटतं, मग आतलं पानी भराभर जातं. जाळीच्या रॅकवर पसरायचं, वर शेडची सावली, बाजूनं वारं. बारा-पंधरा दिसांत माल तयार. उन्हात वाळवला तर काळा पडतो.

परवा आभाळ भरून आलतं. रातभर आमी तिघं भावंडं प्लास्टिकचं पडदं सोडून बसलो. एक सर आली तरी रॅकवरचा माल डागाळतो, आनि वर्षाचं पैसं त्यातच. आजून आठ दिस माल रॅकवर हाय. देवाच्या मनात काय ते बघू.

कृष्णाकाठ, सांगली | बुधवार, दुपारी ४:०२

दादा, पाऊस न पडो. इथं सांगलीतही आज दुपारपासून हवा कोंदट आहे.

बेदाणा आणि मनुका एकच, असं बरेच जण समजतात. आमच्या घरी बी नसलेला, हिरवट-पिवळा तो बेदाणा आणि बी असलेली काळी ती मनुका. सारणाला बेदाणाच घ्यावा, मनुकेची बी दाताखाली येते. आणि आपल्या सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हे इथं अभिमानाने सांगते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही २०१० मध्ये मिळालंय. रानजाईताईंच्या डब्यात दोन्ही जिल्ह्यांची मानाची फळं असणार!

माझं बेदाण्याचं सारण: २०० ग्रॅम बेदाणे कोमट पाण्यात दोनदा धुऊन, एका संत्र्याच्या रसात मंद गॅसवर रस पूर्ण आटेपर्यंत शिजवायचे. गार झाले की पाट्यावर किंवा मिक्सरला भरड. थोडं जायफळ आणि लिंबाचे चार थेंब. लिंबू विसरू नका, नुसता बेदाणा फार गोडमिट्ट लागतो.

लिंबोणी | बुधवार, रात्री ८:३०

मी गव्हाचं पीठ आणि गूळ वापरून केल्या होत्या. पहिल्या दिवशी अप्रतिम. तिसऱ्या दिवशी डब्यात नुसता लगदा. असं का झालं? रविवारपर्यंत टिकायला हव्यात म्हणून विचारतेय.

लादीपाव, कराड | बुधवार, रात्री ११:३५

लिंबोणीताई, दोन कारणं. गूळ हवेतली ओल ओढतो. आणि सारणातलं पाणी हळूहळू कोरड्या पारीत शिरत राहतं, दोन्हीकडची ओल सारखी होईपर्यंत थांबत नाही. सारण जेवढं आटवलेलं तेवढी पारी जास्त दिवस खुसखुशीत. कुकीज पूर्ण गार न करता डबा बंद केला तरी हेच होतं. जाळीवर किमान दोन तास ठेवा.

गव्हाच्या पिठाला माझा विरोध नाही, पण पारी तडकते. निम्मं-निम्मं घ्या.

रानजाईताई, बेदाण्यासाठी गोळे वळत बसू नका. हाताएवढी रुंद लांब पट्टी लाटा, मधोमध सारणाची वळकटी ठेवा, दोन्ही कडा वरून एकमेकींवर घ्या आणि उलटी करून जोड खाली करा. अख्खी वळकटी भाजा आणि गरम असतानाच सुरीने कापा. अंजिराचा रोल असाच असतो. अमेरिकेत १८९१ मध्ये त्याचं यंत्र आलं. आतल्या नळीतून अंजीर आणि बाहेरच्या नळीतून पीठ एकाच वेळी बाहेर येतं. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावावरून त्या बिस्किटाला नाव पडलं. घरी आपल्या हाताच्या दोन तळव्यांवर भागतं.

साठंवाली, चिपळूण | गुरुवार, सकाळी ७:४८

घाट चढून येऊन बोलतेय, चालेल ना?

आमच्याकडे आंबापोळी असते, आम्ही साठं म्हणतो. आंब्याचा रस ताटात ओतून उन्हात थरावर थर वाळवलेला. त्याची गोल चकती कापून पारीत ठेवा. तिच्यात पाणी नावालाच, वाहणार काय? भाजल्यावर नुसती मऊ होते. फणसाच्या साठ्याचीही मी केली आहे, पण तो वास सगळ्यांना आवडेल असं नाही. रानजाई, भावाला सांग, पुढच्या वर्षी स्ट्रॉबेरीचंही साठं घाल ताटात. भिलारला ऊन चांगलं असेल तर सहज होईल.

वाईचीसून | गुरुवार, सकाळी १०:१५

साठंवाली ताई, किती साधी युक्ती! आमच्याकडे तुतीचं झाड आहे. या मे महिन्यात तुतीचं साठं घालून बघते.

रानजाई, सातारा | गुरुवार, रात्री १०:२०

मंडळी, आजची हकिगत.

पातेल्याचं वजन ७४० ग्रॅम. १ किलो स्ट्रॉबेरी, ६०० साखर, २०० पेरू. अर्ध्या तासाने काटा सांगत होता अजून १३०० आहे. शनिवारी मी इथंच उतरवलं होतं, दिसायला अगदी तसंच होतं. पन्नासाव्या मिनिटाला बुडबुड्यांचा आवाज बदलला, आधी खळखळ होती, आता लापशीसारखी थबथब. रंग गडद होऊन करवंदाच्या जवळ गेला. कालथा फिरवला की तळ दिसायचा आणि वाट लगेच मिटायची नाही. ९१० ग्रॅमवर उतरवलं. त्यात दोन मोठे चमचे भाजलेली खसखस आणि दोन चमचे रवा.

लादीपावदादांची परीक्षा घेतली. पहिली गोळी किंचित पसरली. परत पाच मिनिटं गॅसवर. दुसरी गोळी दहा मिनिटांनी जशीच्या तशी, वर नुसती चकाकी! मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली.

आणि वाईच्या काकू, मी एका हातात सारण आणि एका हातात पीठ घेऊन दाबलं. दोन्ही एकदम बसली.

अजिंक्यतारा | गुरुवार, रात्री १०:२६

अभिनंदन! आता फोटो.

बेदाणाशेड, तासगाव तालुका | शुक्रवार, पहाटे ५:३०

भारी. आमच्याकडं रातच्याला थेंबबी न्हाई आला.

तंतुवाद्य, मिरज | शुक्रवार, दुपारी १२:५०

रानजाई, एसटीने येणार असशील तर डब्यात कुकीज उभ्या लाव, आडव्या रचू नकोस. खालच्या थराचा भुगा होतो. प्रत्येक ओळीमध्ये बटर पेपर आणि वर उरलेल्या जागेत चुरगळलेला कागद, हलायला जागाच ठेवायची नाही. आणि डबा मांडीवर.

रानजाई, सातारा | रविवार, रात्री ११:०५

आत्ताच साताऱ्यात पोचले, चपला काढून लगेच लिहितेय.

अठ्ठेचाळीस स्ट्रॉबेरीच्या केल्या, पाच फुटल्या. त्यातल्या चार एकाच कोपऱ्यातल्या होत्या. आतला थर्मामीटर आणला तेव्हा कळलं, माझा ओव्हन १७० ला ठेवला की मागच्या उजव्या कोपऱ्यात १९५ दाखवतो. दुसऱ्या घाण्याला सातव्या मिनिटाला ट्रे फिरवला, एकही फुटली नाही. बेदाण्याच्या वळकट्या तीन, कापून छत्तीस तुकडे. डॉक्टरांना विचारून बिगर धुरीचाच बेदाणा घेतला, मार्केटमध्ये शोधायला दोन दुकानं फिरावी लागली.

डबा मांडीवर घेऊन गेले. एकही मोडली नाही.

ओटी भरताना फळांच्या ताटात मधोमध या कुकीज ठेवल्या. बहिणीने पहिली उचलून मधून तोडली, आत लाल-काळं घट्ट सारण, पोकळी नाही. तिने काही न बोलता उरलेली अर्धी माझ्या तोंडात घातली. तिच्या सासूबाईंनी दोन खाल्ल्या आणि मला विचारलं, "यात खसखस आहे का गं? गुळपोळीची चव कुठून येतेय?" मी त्यांना वाईच्या काकूंचं सगळं सांगितलं.

बेदाण्याच्या मात्र तिथं पोचल्यावर तासाभरात संपल्या. पुरुष मंडळींनी चहाबरोबर संपवल्या आणि बहिणीसाठी चारच राहिल्या.

@बेदाणाशेड, दादा, तुमच्या शेडवर काय परिस्थिती? माल उतरला की बिगर धुरीचा चार किलो मला हवाय. बारशाला परत करायच्यात.

बेदाणाशेड, तासगाव तालुका | सोमवार, पहाटे ५:४५

आजून दोन रॅक वाळायचं हायत, बाकी माल उतरून पेट्या भरल्या. पाऊस आला न्हाई. चार किलो बाजूला काढून ठेवतो ताई. बारसं कुठल्या म्हयन्यात ते कळवा, तवर कोल्ड स्टोरेजला ठेवू.